पाच मडक्यांचं फिनिशिंग

माझ्या हॉबी क्लासमधून आजवर जेवढ्या वस्तू लोकांच्या घरी गेल्या, त्यांतली एकही पूर्णपणे ती करणाऱ्याच्या हातची नव्हती. हे एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

नेरुळमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून, मी वीसेक वर्षं लोकांना रंगवायला शिकवते आहे. पणत्या, ट्रे, काचेच्या बाटल्या, सुपं, मडकी, दारावरची तोरणं. शाळकरी मुली येतात, नोकरी सोडून घरी बसलेल्या बायका येतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही येऊन गेले. सगळे आपापल्या वकुबाप्रमाणे रंगवतात, वस्तू वाळायला माझ्या बाल्कनीत ठेवतात आणि घरी जातात. ते गेले की मी ब्रश हातात घेते.

त्याला मी फिनिशिंग म्हणते. वाकडी रेघ सरळ करायची, फाटलेली पाकळी बुजवायची, ठिपके एका मापाचे करायचे, कडेने सोनेरी लायनर फिरवायचा. सुरुवातीला हे दहा मिनिटांचं काम असायचं, पुढे पुढे अर्धा तास जायला लागला. वस्तू न्यायला आलेली बाई म्हणायची, "अय्या, वाळल्यावर काय मस्त दिसतंय!" मी म्हणायचे, "अ‍ॅक्रिलिकचं तसंच असतं, वाळलं की उठून दिसतं." हे मी इतक्या वेळा बोलले की मला स्वतःलाच ते रंगाचं शास्त्र वाटायला लागलं होतं.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट जरा मिजासच होती. कुणाच्याही घरी गेलं आणि भिंतीवरचा ट्रे बघितला की माझा क्लास ओळखू यायचा. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या हातची वाकडी रेघ मला बघवतच नाही. नवऱ्याने केलेल्या टॉवेलच्या घड्या मी मोडून परत घालते. तो म्हणतो, "मग मला सांगतेस कशाला?" आणि मी वर त्याच्यावरच चिडते.

त्या पाच मडक्यांच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारातच माती खाल्ली. बेल वाजली, उघडलं, तर साठीकडे झुकलेल्या एक बाई. सुती साडी जराशी वर खोचलेली, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "मावशी, आमच्याकडे आहे कामाला बाई."

त्या अजिबात न रागावता म्हणाल्या, "काम नको म्याडम. मडकी रंगवाचा किलास हाय ना इथं?"

त्या करावे गावातल्या होत्या. गावात त्यांच्या तीन इमारती आहेत, आणि माझ्याकडे येणारी एक मुलगी त्यांच्याच एका खोलीत भाड्याने राहते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त लाज झाकायला जरा जास्तच मोठ्याने "या ना, या ना" करत त्यांना आत घेतलं आणि पंख्याखालची खुर्ची दिली. त्या बसल्या, हॉलभर मांडलेल्या माझ्या वस्तू एकदा नीट बघून घेतल्या आणि म्हणाल्या, "मना बाकी काय नको. फकस्त मडकी. पाच."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, उरणच्या मोरा बंदराकडच्या घरात. लग्नाला अडीच महिने होते. बाईंच्या सासरच्या घराची एक रीत होती. मुलीच्या हळदीला पाच मडकी लागतात, ती मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने रंगवायची. चार मडक्यांत पाणी भरून ती चौरंगाच्या चार कोपऱ्यांना ठेवायची, त्यांच्याभोवती सूत गुंडाळायचं, आणि मधे मुलीला बसवून त्याच पाण्याने न्हाऊ घालायचं. पाचव्यात तांदूळ भरायचे. ते मुलगी सासरी नेते आणि देवाजवळ ठेवते. लग्नातलं बाकी सगळं विकत आणलं तरी चालतं, कपडे, दागिने, जेवण, नाचगाणं, सगळं. ही पाच मडकी मात्र नाही.

"माजी सासू कराची," त्या म्हणाल्या. "माज्या चार ननंदा, चारींची तिनं केली. मी निस्ता मडका धरून फिरवाचे. मरताना मना बोलली, तुजे पोरीची तू कर. आता हात बसत नाय, म्हनून आले."

मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आधी शेतात आणि मग मिठागरात गेलेले ते हात होते, बोटांची पेरं जाड, उजवा खांदा धरलेला. हात पुरा वर जात नव्हता. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

"येक हाय म्याडम," त्या म्हणाल्या. "तुमी दाखवा, शिकवा, वरडा पायजे तर. पन हात लावाचा नाय. ती माज्याच हातची पायजेत."

"अर्थातच," मी म्हटलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी त्या यायच्या. मडकी त्यांनी शिरवण्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणली होती, प्रत्येक बोटाने वाजवून. मी नेहमीप्रमाणे कोयरीपासून सुरुवात केली, मग वेल, मग कमळ. जुन्या मडक्यांवर त्यांनी तीन आठवडे मुकाट्याने कोयऱ्या काढल्या. त्या कोयऱ्या बघून बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि मीही, आता सांगायला हरकत नाही, त्यांच्यामागून डोळे मिचकावायचे. एक दिवस त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"म्याडम, तुमची सगली फुलं जुळी हायत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"येकीला झाकावी, दुसरीला काडावी. आमचे सासूचं तसं नव्हतं. ती चिंबोरी काडाची, व्हडी काडाची. तिचं भात पन वाऱ्यान वाकलेलं असाचं."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "काकू, लग्नाच्या मडक्यावर खेकडा?"

"मंग? तुमचे लग्नान आंबा चालतंय ना?" त्या म्हणाल्या. कोयरी हा आंबाच असतो, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी माझं ऐकणं बंद केलं आणि काम सुरू झालं. रंग किती पातळ करायचा, ब्रश कसा धुवायचा, आधी कुठला रंग लावायचा, एवढंच विचारायच्या. पहिल्या मडक्यावर भाताच्या लोंब्या आल्या, सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. दुसऱ्यावर होड्या, त्यातली एक जवळजवळ उलटायला आलेली. तिसऱ्यावर मिठागराचे चौकोन आणि त्यांच्या कडेला मिठाचे पांढरे ढीग. चौकोन एकाही बाजूने चौकोन नव्हते. चौथ्यावर चिंबोऱ्या. त्यातल्या एकीची एक नांगी मोठी आणि एक अगदी बारकी होती. मी सवयीने म्हटलं, "ही छोटी झाली." तर म्हणाल्या, "तुटलेली हाय ती. आता नवी येतंय." हे सांगताना त्या अगदी खूश दिसत होत्या.

पाचवं मडकं मुलीबरोबर जाणारं. त्यावर त्यांनी एक बाई आणि एक लहान मुलगी काढली, हात धरून खाडीकडे निघालेल्या. खांदा दुखत असल्यामुळे मडक्याच्या फुगीर भागावर त्यांचा हात थरथरायचा. बाईचा पदर दोन ठिकाणी विसकटला होता. मुलीच्या तोंडाच्या जागी नुसता काळा गोल ठिपका पडला, तोही जरा पसरला. "ही मी, ही ती," त्या मला म्हणाल्या. "आमी खाडीवर जायाचो चिंबोऱ्या धराला, ती येवढी होती तवा." आणि "येवढी" दाखवायला त्यांनी टेबलाच्या कडेला हात लावला.

मडकी पुरी झाली त्या शुक्रवारी त्यांनी पाचही ओळीने मांडली, लांब उभं राहून बघितली. "सासूसारकी नाय झाली," त्या म्हणाल्या, "पन माजी हायत." आता फक्त वार्निश राहिलं होतं. ते मी लावून ठेवते, रविवारी घेऊन जा, असं मीच सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. माझ्यावर विश्वास न ठेवण्याचं काही कारण तोवर त्यांच्याकडे नव्हतं.

शनिवारी दुपारी मी वार्निशचा डबा उघडला. खरंच फक्त वार्निश लावायचं माझ्या मनात होतं, निदान पहिली पाच मिनिटं. मग होडीची एक कड डोळ्यांना खुपायला लागली. म्हटलं, एवढी एक रेघ. रेघ सरळ झाली तर शेजारची होडी जास्तच कलंडलेली दिसायला लागली, मग तिलाही सरळ केलं. मिठागराचे चौकोन पट्टी लावून आखले. लोंब्या दोन्ही बाजूंना सारख्या वाकवल्या. चिंबोरीच्या बारक्या नांगीवर रंग भरून ती दुसरीएवढी केली. सगळ्यांच्या गळ्याला ठिपक्यांची नक्षी काढली, सोनेरी लायनर फिरवला. पाचव्या मडक्यावर मुलीच्या काळ्या ठिपक्यावर मी गव्हाळ रंग चढवला आणि बारीक ब्रशने नाक, डोळे, ओठ काढले. टिकलीसुद्धा लावली.

मला मजा आली, हे लपवून काय उपयोग. संध्याकाळ कधी झाली ते कळलंही नाही.

नवरा बाल्कनीत कपडे काढायला आला आणि थबकला. "झकास," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण त्या म्हणाल्या होत्या ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"त्यांना कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं. "आणि अख्खं गाव बघणार ती मडकी. माझ्या क्लासचं नाव आहे त्यावर."

त्यावर कुठेही माझ्या क्लासचं नाव नव्हतं. पण त्या वेळी मी हे अगदी मनापासून बोलले होते, आणि तीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटायला लावणारी गोष्ट आहे. त्यांचं बिघडू नये म्हणून मी ते केलं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. मी ते माझ्यासाठी केलं होतं.

आणि कळणार नाही अशी खात्री असती तर मी रविवारी त्यांना मडकी उघडी दाखवली असती. मी ती सकाळीच फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून तयार ठेवली. "वार्निश अजून नाजूक आहे काकू," मी म्हटलं, "आता हळदीच्या दिवशीच उघडा." त्यांनी ती पाच गाठोडी एकेक करून खाली गाडीत नेऊन ठेवली, शेवटचं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मला हळदीचं आमंत्रण दिलं. "तुमी पयल्या या," म्हणाल्या. "तुमच्यामुलं झाला सगला."

हळदीच्या दिवशी मी पैठणी नेसून गेले. करावे गावाच्या त्या गल्लीत दोन इमारतींच्या मधे मांडव होता, वर पिवळ्या झालरी, एका कोपऱ्यात डीजेचे खांबाएवढे स्पीकर. बाईंनी मला हाताला धरून पुढे नेलं, "आमच्या म्याडम" म्हणून दहा जणींना दाखवलं, पुढच्या रांगेत बसवलं. मला फार बरं वाटलं. मग चौरंग मांडला गेला, आणि त्यांची धाकटी जाऊ गाठोडी घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने कात्रीने चिकटपट्टी कापली.

मडकी बाहेर आली आणि बायकांमध्ये एकच गलका झाला. "काय सुंदर!" "शोरूममधली वाटतान!" "येवढी भारी कुठून आनली गो?" मोबाइल वर झाले. मी खाली मान घालून, लोक कौतुक करताना माणूस हसतं तशी हसत होते.

बाईंनी चिंबोऱ्यांचं मडकं उचललं होतं. त्या ते फिरवत होत्या. एकदा पूर्ण फिरवलं, मग परत उलटं फिरवलं. त्या काय शोधत होत्या ते मला माहीत होतं, आणि ते त्यांना सापडणार नाही हेही माहीत होतं.

त्यांच्या चुलत सासूबाई चौरंगाजवळ पाटावर बसल्या होत्या. गावातल्या सगळ्या हळदी त्यांच्या देखरेखीखाली होतात. त्यांनी हात पुढे करून मडकं मागून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"ही चिंबोरी कोनी काडली?" त्या म्हणाल्या. "दोनी नांग्या सारख्या! अशी कदी गावली का कुनाला?" काहीजणी हसल्या. म्हातारी हसली नाही. ती बाईंना म्हणाली, "ह्यो तुजा हात हाय का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्या मला बोलायला वेळ देत होत्या, असं मला आज वाटतं. मी उठून खरं सांगितलं असतं तर दोन शब्द ऐकावे लागले असते आणि विषय संपला असता. मी उठले, आणि क्लासमध्ये पालकांशी बोलते त्या आवाजात म्हटलं, "हो हो आजी, यांनीच काढलंय सगळं. माझ्यासमोर. अडीच महिने बसल्या होत्या. मी साक्षीदार आहे ना!"

मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. म्हातारीने मान हलवली, आता बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. मी त्यांची सोय करून दिली होती. पाहुणीला खोटं पाडायचं किंवा मुलीच्या हळदीत, सासूच्या जागेवर उभं राहून खोटं बोलायचं, एवढ्या दोनच गोष्टी मी त्यांच्यासाठी शिल्लक ठेवल्या होत्या.

"म्याडम," त्या हळूच म्हणाल्या, "मांडवात खोटा नका बोलू."

मग म्हातारीकडे वळून म्हणाल्या, "मी काडलेली, काकी. पन ही माज्या हातची नाय रायली. म्याडमनी नीट केलीत. चांगल्या मनानं केली आसतील."

"चांगल्या मनानं" हे त्यांनी माझ्यासाठी पदरचं घातलं. मी तशीच उभी होते. बसावं की जावं ते कळत नव्हतं, म्हणून उभी होते.

"मंग पोरीला कुनाच्या हाताखाली न्हानू घालाची?" म्हातारी म्हणाली.

मुलगी पिवळी साडी नेसून पाटाजवळ उभी होती. एका कंपनीत चांगल्या नोकरीला आहे ती, इंजिनीयर आहे. ती पुढे येऊन आईचा दंड धरून म्हणाली, "आई, टेन्शन नको घेऊ. चालतंय गं. कोण बघतंय?"

"मी बगतंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी धाकट्या जावेला आत पाठवलं. पिण्याच्या पाण्यासाठी आणलेली साधी मडकी मागच्या अंगणात पडली होती, त्यातली पाच कोरडी आली. वाटीत तांदळाचं पीठ कालवून आलं, दुसऱ्या वाटीत हळद, तिसऱ्यात कुंकू. कुणीतरी डीजे बंद करायला सांगितलं. बाईंनी पदर खोचला, खाली बसकण मारली, एका काडीला कापूस गुंडाळला आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, पहिल्या मडक्यावर होडी काढायला घेतली. भटजींनी घड्याळ बघितलं, पण म्हातारीने त्यांना हाताने थांबवलं. आत जेवणाची पातेली झाकली गेली. कुणीही कुरकुर केली नाही.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन ओणवी झाले आणि म्हटलं, "काकू, मी मडकं धरून फिरवू का?"

त्यांनी वर बघितलं. पीठ लागलेला हात झटकला. "नको म्याडम," त्या म्हणाल्या. "साडीला लागंल तुमच्या. बसा तुमी. सरबत घेतला का?"

मडकं जावेने धरलं. खांदा वर जात नव्हता तिथे ती मडकंच खाली कलतं करायची. तासाभरात पाचही झाली. अडीच महिन्यांत त्यांनी माझ्याकडे जे काढलं होतं, त्यातलं निम्मंही त्यात नव्हतं. पाचव्यावर नुसत्या दोन आकृत्या होत्या, एक मोठी, एक लहान. दोघींनाही तोंड नव्हतं. मुलीने ते मडकं दोन्ही हातांत घेतलं आणि इतका वेळ हसत असलेली ती पोरगी एकदम रडायला लागली. आईही रडली. पाणी भरलं, सूत गुंडाळलं, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने गाणं उचललं आणि हळद लागली.

मी रंगवलेली पाच मडकी फेकून दिली नव्हती. ती मांडवाच्या कमानीशी, प्लास्टिकच्या फुलांच्या बाजूला नेऊन ठेवली होती, आणि तिथे उभं राहून लोक फोटो काढत होते. मी निघाले तेव्हा तिघीजणींनी मला तिथे गाठलं. ही तुम्ही केलीत ना, आम्हाला पण लग्नासाठी करून द्याल का, नंबर द्या ना.

मी नंबर दिला. हे कुणाला सांगितलं नाही तरी चालण्यासारखं होतं, पण नंबर दिला हे खरं आहे. एवढं सगळं डोळ्यांदेखत झाल्यावरही, कौतुक ऐकून माझा हात आपोआप पर्समधल्या कार्डाकडे गेला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आवडली का मडकी?" मी म्हटलं, "हो, फार." पैठणीची घडी घालताना मला रडू फुटलं, आणि ते का, हे त्याला सांगायला आणखी चार दिवस गेले. सगळं ऐकून तो म्हणाला, "जाऊन माफी माग." मी म्हटलं, "लग्नाच्या गडबडीत कुठे." मग लग्न झालं, पाचपरतावण झालं, महिना उलटला. मी मोबाइलवर मेसेज लिहायचे आणि पुसायचे. लिहिलेलं काही केल्या सरळ येत नव्हतं. कुठल्याही वाक्यात मी शेवटी स्वतःचीच बाजू मांडत होते. "तुमचं चांगलं दिसावं म्हणून" हे शब्द कुठून तरी घुसायचेच.

अखेर एक दिवस फोनच केला. म्हटलं, "काकू, मी चुकले. तुम्ही सांगितलं होतंत तरी हात लावला, आणि वर सगळ्यांसमोर खोटं बोलले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या म्याडम. पोरगी सुकात हाय. मोऱ्याला तिनं मडका देवाजवल ठेवलाय." मग त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी ओशाळून दोन-चार वाक्यं बोलले आणि फोन ठेवला. फिनिशिंग मी त्या महिन्यातच बंद केलं होतं. चार-पाच जणी त्यामुळे क्लास सोडून गेल्या. तुमच्याकडे हल्ली पूर्वीसारखं छान होत नाही, असं एकीने तोंडावर सांगितलं. ते खरंच होतं.

पावसाळा संपता संपता बेल वाजली. दारात त्यांची धाकटी जाऊ, हळदीत मडकं धरणारी. "मोठ्या जावेनं धाडलंय," ती म्हणाली. "मना पन शिकाचा हाय. आमच्याकडं आजून लगीन नाय, पोरगी नववीन हाय, पन आतापासून हात बसवते."

मला इतका आनंद झाला की मी तिला चहा करून दिला, कोरी करकरीत ब्रशची जोडी काढून दिली. त्यांनी पाठवलं म्हणजे त्यांनी मला माफ केलं, असा सोपा हिशोब मी मनात मांडून टाकला. दोन तास ती बसली. मी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात रोवून फक्त तोंडाने सांगत होते. पहिल्याच दिवशी तिने बरी होडी काढली, निळा रंग जरा जास्त पातळ झाला एवढंच.

"छान झालंय," मी म्हटलं. "राहू द्या इथेच, बाल्कनीत वाळेल. शुक्रवारी आलात की पुढचं करू."

ती पिशवीतून जुना टॉवेल काढत होती. ती गोंधळून थांबली.

"नको म्याडम," ती म्हणाली. "जाव बोलली, त्यांच्याकडं जा, त्या बेस शिकवतात, त्यांच्यासारका कोन शिकवत नाय. पन मडका तिथं ठेवू नको. रंग वला आसला तरी रोजचे रोज घरी आन."

ती हे अगदी साधेपणाने बोलली, टोमणा म्हणून नाही. गॅस बंद करून ये म्हणावं तसं.

मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. टॉवेल बुडाशी धरून तिने मडकं दोन्ही हातांत घेतलं होतं. लिफ्टची वाट बघताना माझं लक्ष गेलं, होडीच्या शिडाचा रंग ओघळून खाली येत होता. माझं बोट तो ओघळ टिपायला आपोआप पुढे झालं. तिने ते बघितलं, आणि मडकं फिरवून होडीची बाजू स्वतःच्या छातीशी धरली. ओला निळा रंग तिच्या पदराला लागला. लिफ्ट आली. तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून तळमजल्याचं बटण मी दाबलं.